विश्लेषण : पांढरं नेमकं किती पांढरं? ‘अल्बेडो’ हा शब्द देणाऱ्या शिंप्याच्या मुलाची गोष्ट

मे महिना आला, की ठाणे, कल्याण, डोंबिवलीत सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचे हाल सुरू होतात. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ती उष्णता घरात सोडत राहतो. पत्र्याच्या घरात तर दुपारी बसवत नाही. मग सोसायटीच्या बैठकीत गच्चीला पांढरा रंग मारण्याचा विषय निघतो. आमच्या डोंबिवलीतल्या सोसायटीत गेल्या वर्षी हाच विषय निघाला. रंगाचे तीन नमुने आले, तिघेही पांढरेच. दरांत मात्र दुपटीचा फरक. कोणता घ्यायचा, यावर तासभर वाद झाला आणि शेवटी सर्वांत स्वस्त डबा आला. डब्यावर छापलेले आकडे कोणी वाचलेच नाहीत.

हे आकडे म्हणजे काय? पांढरेपणा मोजता येतो का? येतो. त्याची पद्धत सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी ज्याने घालून दिली, त्याच्याकडे प्रयोगशाळा नव्हती, पदवी नव्हती आणि बाराव्या वर्षानंतर शाळाही नव्हती. त्याचे नाव योहान हाइनरिश लॅम्बर्ट.

कोण होते लॅम्बर्ट?

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना हे नाव ‘बीअर-लॅम्बर्ट लॉ’मुळे माहीत असते. रंगीत द्रावणातून प्रकाश जाताना किती शोषला जातो, हे सांगणारा हा नियम. डोंबिवली एमआयडीसीत रंगद्रव्यांचे कारखाने आहेत. अशा कारखान्यांच्या प्रयोगशाळेत रंगाची ‘स्ट्रेंग्थ’ तपासतात, तेव्हा यंत्राच्या आत हाच नियम काम करत असतो. भूगोलाच्या विद्यार्थ्यांना लॅम्बर्ट भेटतात ते नकाशाच्या प्रक्षेपणात. भारताच्या नकाशांची जुनी ग्रिड त्यांच्याच शंकू प्रक्षेपणावर आधारलेली आहे. गणितात ‘पाय’ ही संख्या अपरिमेय असल्याची पहिली सिद्धता त्यांच्या नावावर आहे.

पण आपल्या गच्चीशी संबंध आहे तो त्यांच्या १७६० साली प्रसिद्ध झालेल्या ‘फोटोमेट्रिया’ या लॅटिन ग्रंथाचा.

पाळणा हलवत काढलेली चित्रे

लॅम्बर्ट यांचा जन्म ऑगस्ट १७२८ मध्ये म्युलूझ या गावी झाला. हे गाव आज फ्रान्समध्ये आहे. त्या काळी ते स्वित्झर्लंडच्या संघाशी जोडलेले छोटे स्वतंत्र नगर होते. आजोबा शिंपी, वडीलही शिंपी. घरात पाच मुलगे, दोन मुली आणि कमाई बेताची. बाराव्या वर्षी योहानची शाळा सुटली आणि तो वडिलांच्या हाताखाली शिवणकामाला बसला.

दिवसभर सुई-दोरा आणि रात्री पुस्तके, असा क्रम सुरू झाला. पण रात्री वाचायचे तर मेणबत्ती लागणार आणि मेणबत्तीला पैसे लागणार. जुन्या चरित्रांत याची एक आठवण सापडते. धाकट्या बहिणीचा पाळणा हलवता हलवता तो छोटी छोटी चित्रे काढायचा, ती किरकोळ पैशांना विकायचा आणि त्यातून मेणबत्त्या आणायचा. पुढे ज्याने मेणबत्तीचा उजेड मोजण्याचे शास्त्र रचले, त्याने आधी त्या उजेडाची किंमत अशी मोजली होती.

अक्षर सुंदर असल्याने पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्याला एका लोखंडाच्या कारखान्यात कारकुनी मिळाली. सतराव्या वर्षी तो बाझल शहरातल्या एका वृत्तपत्राच्या संपादकाचा लेखनिक झाला. १७४८ मध्ये खऱ्या अर्थाने दार उघडले. स्वित्झर्लंडमधल्या कूर गावी काउंट फॉन सालिस यांच्या घरी मुलांना शिकवण्याची नोकरी मिळाली. या घराण्याचे ग्रंथालय मोठे होते. लॅम्बर्ट तिथे सुमारे दहा वर्षे राहिले. मुलांना शिकवायचे आणि उरलेल्या वेळात ते ग्रंथालय वाचून काढायचे. गणित, खगोल, भाषा, तत्त्वज्ञान सारे काही स्वतःचे स्वतः शिकले. उपकरणेही स्वतःच बनवली.

१७५६ पासून विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी युरोपचा दौरा केला. गटिंगन, उट्रेख्ट, पॅरिस, तुरिन अशा शहरांत नावाजलेले विद्वान भेटले. परतल्यावर शिकवणी सुटली आणि ते जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात आले. तिथेच ‘फोटोमेट्रिया’ छापले गेले. तेव्हा त्यांचे वय होते अवघे ३२.

अडचण काय होती?

त्या काळी लांबी मोजायला पट्टी होती, वजनाला तराजू होता, तापमानाला तापमापक आला होता. प्रकाश मोजायला काहीच नव्हते. होता तो फक्त माणसाचा डोळा, आणि डोळा या कामात अगदी बेभरवशाचा. करड्या रंगाचा एकच कागद काळ्या कापडावर ठेवला तर उजळ दिसतो आणि पांढऱ्या कापडावर ठेवला तर मळकट. एक वस्तू दुसरीपेक्षा तिप्पट उजळ आहे की चौपट, हे डोळा सांगूच शकत नाही.

मात्र डोळा एक गोष्ट चोख करतो. शेजारी-शेजारी ठेवलेले दोन पृष्ठभाग सारखेच उजळ आहेत की नाहीत, हे तो बऱ्यापैकी अचूक ओळखतो. फ्रान्सच्या पिएर बुगेर यांनी १७२९ मध्येच हे ओळखून प्रकाशाची तुलना केली होती. लॅम्बर्ट यांनी त्यावर पूर्ण शास्त्र उभे केले. डोळ्याला ते फक्त ‘सारखे की वेगळे’ एवढेच विचारत. बाकीचे काम अंतर आणि गणित करत असे. सामग्री म्हणाल तर मेणबत्त्या, आरसे, भिंगे, काचा आणि कागद.

घरी कसे करून पाहाल?

एक उदाहरण घेऊ. अंधाऱ्या खोलीत एक पांढरा आणि एक करडा कागद शेजारी-शेजारी उभे करा. दोन सारख्या मेणबत्त्या घ्या. एकीचा उजेड फक्त पांढऱ्यावर आणि दुसरीचा फक्त करड्यावर पडेल, असा मध्ये पुठ्ठा लावा. आता दोन्ही कागद सारखेच उजळ दिसेपर्यंत मेणबत्त्या पुढे-मागे सरकवा.

समजा, पांढऱ्या कागदापासून मेणबत्ती ४० सेंटीमीटरवर आहे आणि करड्यापासून २० सेंटीमीटरवर. अंतर दुप्पट झाले की उजेड चौपटीने कमी होतो. म्हणजे करड्या कागदावर चौपट उजेड पडतो आहे, तरी तो पांढऱ्याइतकाच दिसतो. याचा अर्थ करडा कागद पांढऱ्याच्या तुलनेत एक चतुर्थांश प्रकाशच परत पाठवतो. डोळ्याने संख्या सांगितली नाही, तरी संख्या मिळाली.

‘अल्बेडो’ म्हणजे काय?

एखाद्या पृष्ठभागावर पडलेल्या एकूण प्रकाशापैकी किती भाग तो सगळ्या दिशांना पसरवून परत पाठवतो, त्या प्रमाणाला लॅम्बर्ट यांनी नाव दिले ‘अल्बेडो’. लॅटिनमध्ये याचा सरळ अर्थ पांढरेपणा. सगळा प्रकाश परत पाठवला तर अल्बेडो १, सगळा शोषला तर शून्य. हवामान बदलाच्या बातम्यांत आज रोज येणारा हा शब्द तिथून आला आहे.

काही ढोबळ आकडे पाहा :

• ताजा बर्फ : सुमारे ०.८ ते ०.९
• संपूर्ण पृथ्वी, ढगांसकट : सुमारे ०.३
• चंद्र : सुमारे ०.१२
• नवा डांबरी रस्ता : सुमारे ०.०५

चंद्राचा आकडा पुन्हा वाचा. कोजागरीला गच्चीवरून दुधासारखा पांढरा दिसणारा चंद्र खरे तर वापरून जुन्या झालेल्या डांबरी रस्त्याइतका गडद आहे. भोवती काळे आकाश असल्याने तो डोळ्याला पांढरा वाटतो. डोळ्याच्या भरवशावर पांढरेपणा का ठरवू नये, याचे यापेक्षा मोठे उदाहरण नाही.

गच्ची भिंतीपेक्षा जास्त का तापते?

लॅम्बर्ट यांचा दुसरा नियम ‘कोसाइन नियम’ म्हणून ओळखला जातो. प्रकाश सरळ पडला तर पृष्ठभागाला तो पूर्ण मिळतो. तिरपा पडला तर तोच प्रकाश जास्त जागेवर पसरतो आणि प्रत्येक चौरस फुटाच्या वाट्याला कमी येतो. ६० अंश तिरपा असेल तर बरोबर निम्मा.

ठाणे-कल्याणच्या आकाशात मे महिन्याच्या मध्याला सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. तोच आपला शून्य सावली दिवस. त्या वेळी गच्चीला किंवा पत्र्याला ऊन पूर्ण मिळते आणि उभ्या भिंतीला थेट ऊन जवळपास शून्य. म्हणून उन्हाळ्यात भिंतीच्या रंगापेक्षा छताचा रंग जास्त महत्त्वाचा.

आता हिशेब करू. निरभ्र दुपारी एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊन पडते. जुना गडद पत्रा त्यातला २० टक्के परतवत असेल तर ८०० वॅट शोषेल. चांगला पांढरा लेप ८० टक्के परतवत असेल तर फक्त २०० वॅट. फरक ६०० वॅटचा. शंभर चौरस फुटांची, म्हणजे साधारण ९.३ चौरस मीटरची खोली धरली तर छतावर साडेपाच किलोवॅटहून जास्त फरक पडतो. ही सगळी उष्णता खोलीत उतरत नाही, बरीचशी वाऱ्यावर जाते. पण जी उतरते, ती सर्वांत जास्त भोगावी लागते ती पत्र्याखाली राहणाऱ्यांना, ज्यांना एसी परवडत नाही.

रात्री रस्त्यावरचे पांढरे पट्टे का दिसत नाहीत?

लॅम्बर्ट यांनी एक आदर्श पृष्ठभाग कल्पिला होता : कुठूनही पाहिले तरी सारखाच उजळ दिसणारा. चुन्याची भिंत किंवा खडू याच्या बराच जवळ जातो. आरसा मात्र अगदी उलट, तो सगळा प्रकाश एकाच दिशेला पाठवतो.

रस्त्यावरचा साधा पांढरा पट्टा प्रकाश सगळीकडे पसरवतो. त्यामुळे हेडलाइटचा फार थोडा भाग चालकाच्या डोळ्यांकडे परत येतो. म्हणून पट्ट्यांच्या रंगावर बारीक काचेचे मणी टाकतात. ते प्रकाश आल्या दिशेने परत पाठवतात. पावसात मण्यांवर पाण्याचा थर बसतो, रस्ता आरशासारखा वागू लागतो आणि उजेड पुढे निघून जातो. जुलैच्या रात्री घोडबंदर रोडवर पट्टे शोधत गाडी चालवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही.

राजाने आधी नाकारले

‘फोटोमेट्रिया’नंतर १७६१ मध्ये लॅम्बर्ट यांनी विश्वरचनेवर पत्ररूपाने ग्रंथ लिहिला. आकाशगंगा ही ताऱ्यांची चपटी तबकडी आहे, अशी कल्पना त्यात मांडली होती. नाव झाले, पण पक्की नोकरी नव्हती. १७६४ मध्ये ते बर्लिनला आले. तिथल्या विज्ञान अकादमीचे दार प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याच्या हाती होते.

लॅम्बर्ट यांचा पेहराव विचित्र, वागणे त्याहून विचित्र. दरबारी रीतभात त्यांना कधीच जमली नाही. अशी आख्यायिका सांगतात, की राजाची भेट मुद्दाम संध्याकाळच्या अंधारात ठरवण्यात आली, म्हणजे त्याचे लक्ष रूपाकडे न जाता बोलण्याकडे जावे. राजाने काय काय येते असे विचारले, तर लॅम्बर्ट यांनी सगळेच येते असे सांगितले. कुठे शिकलात, तर स्वतःच शिकलो. राजाला हा माणूस मूर्ख किंवा गर्विष्ठ वाटला आणि नेमणूक लांबली. विद्वानांनी पुन्हा पुन्हा शिफारस केल्यावर जानेवारी १७६५ मध्ये ते अकादमीत रुजू झाले. प्रकाशाच्या या अभ्यासकाची सर्वांत महत्त्वाची मुलाखत अंधारात झाली, ही गंमत त्यांच्या चरित्रकारांनी सोडलेली नाही.

बर्लिनमध्ये ऑयलर आणि लाग्रांज यांच्यासारखे गणिती त्यांचे सहकारी होते. पहाटे पाचपासून मध्यरात्रीपर्यंत काम आणि दुपारी दोन तास विश्रांती, असा त्यांचा दिनक्रम असल्याचे सांगतात. बारा वर्षांत त्यांनी दीडशेहून जास्त लेख-ग्रंथ लिहिले. लग्न केले नाही.

कापड व्यापाऱ्यांसाठी रंगांचा मनोरा

१७७२ मध्ये लॅम्बर्ट यांनी चित्रकार बेंजामिन कालाऊ याच्या मदतीने रंगांचा मनोरा प्रसिद्ध केला. तळाला तांबडा, पिवळा, निळा अशा तीन मूळ रंगांची मिश्रणे आणि वर जाईल तसा फिका होत शिखराला पांढरा. प्रत्येक रंगाची जागा प्रमाणाने ठरलेली.

हा मनोरा त्यांनी केवळ विद्वानांसाठी केला नव्हता. आपल्या दुकानात कोणत्या रंगाचे कापड कमी आहे हे व्यापाऱ्याला कळावे आणि रंगाऱ्याला हवी ती छटा गाठता यावी, हाही हेतू होता. शिंप्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे सुचणे साहजिक होते. आज उल्हासनगर-कल्याणच्या कापड दुकानातले शेडकार्ड किंवा रंगाच्या दुकानातली छटा जुळवणारी संगणकीय मशीन, दोन्ही याच विचाराची पुढची पावले आहेत.

आज पांढरेपणा कसा मोजतात?

आता डोळ्याऐवजी यंत्र पाहते. स्पेक्ट्रोफोटोमीटर नमुन्यावर प्रकाश टाकतो आणि प्रत्येक रंगाचा किती भाग परत आला ते मोजतो. तुलना होते ती सगळा प्रकाश सगळीकडे सारखा पसरवणाऱ्या आदर्श पृष्ठभागाशी, म्हणजे लॅम्बर्ट यांच्याच कल्पनेशी. त्याला १०० गुण. प्रत्यक्षात आधी मॅग्नेशियम ऑक्साइड आणि बेरियम सल्फेटची भुकटी दाबून केलेल्या वड्या वापरत. आता विशिष्ट प्लास्टिकच्या चकत्याही वापरतात.

पण वेगवेगळ्या कामांसाठी आकडेही वेगवेगळे :

• ब्राइटनेस : कागद उद्योगाचा आकडा. फक्त निळ्या भागातला, ४५७ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश मोजतात, कारण कागदाचा पिवळेपणा तिथे लगेच पकडता येतो.
• व्हाइटनेस : माणसाच्या डोळ्याला किती पांढरे वाटेल त्याचा अंदाज. यात निळसर झाक असेल तर गुण वाढतात.
• सोलर रिफ्लेक्टन्स : उन्हाची एकूण किती ऊर्जा परत गेली.

दुसऱ्या आकड्यातली मेख आपल्या आजीला माहीत होती. धुतलेल्या धोतराला नीळ दिली, की पिवळेपणा मारला जातो आणि कापड पांढरे वाटते. प्रत्यक्षात निळीने परत येणारा प्रकाश थोडा कमीच होतो! पुढे ‘टिनोपॉल’सारखी ब्राइटनर आली. ती उन्हातले न दिसणारे अतिनील किरण शोषून त्याचा निळा प्रकाश करतात. म्हणून झेरॉक्सच्या कागदाच्या रिमवर व्हाइटनेस दीडशेच्या आसपास छापलेला असतो. शंभरपैकी दीडशे हा छापखान्याचा घोळ नाही, तो जास्तीचा उजेड ब्राइटनरने दिलेला असतो.

मग गच्चीसाठी काय पाहायचे?

उन्हाची साधारण निम्मी ऊर्जा डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते. त्यामुळे डोळ्याला सारखेच पांढरे दिसणारे दोन रंग उन्हात वेगळे वागू शकतात. डबा घेताना तीन गोष्टी विचारा :

• सोलर रिफ्लेक्टन्स किती?
• एसआरआय किती? या मोजपट्टीवर ठरावीक काळा पृष्ठभाग शून्यावर आणि ठरावीक पांढरा १०० वर असतो. पृष्ठभाग उष्णता किती सहज बाहेर टाकतो, हेही यात धरलेले असते. चकचकीत पत्रा ऊन परतवतो, पण शोषलेली उष्णता सहज सोडत नाही. म्हणून चमकत असूनही तो हाताला चटका देतो.
• तीन वर्षांनंतरचा आकडा किती? धूळ, शेवाळ आणि पावसाने पांढरेपणा उतरतो. आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर गच्ची घासून धुतली नाही, तर नव्या डब्यावरच्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

अहमदाबाद आणि तेलंगणाने पांढऱ्या छतांसाठी योजना आणि धोरणे आखली. ठाणे महापालिकेनेही उष्णता कृती आराखडा केला आहे. कुठल्याही योजनेत कंत्राटदाराला ‘पांढरा रंग’ एवढेच सांगितले तर पांढरा रंगच मिळेल. आकडा लिहिला तरच तो तपासता येईल.

अखेर काय झाले?

लॅम्बर्ट यांना क्षयाने गाठले. २५ सप्टेंबर १७७७ रोजी बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले, वयाच्या ४९ व्या वर्षी. उष्णतेच्या मोजमापावरचा त्यांचा ग्रंथ ‘पायरोमेट्री’ त्यांच्या मृत्यूनंतर १७७९ मध्ये निघाला.

‘फोटोमेट्रिया’कडे त्या काळी फार थोड्यांनी लक्ष दिले. त्याचा जर्मन अनुवाद व्हायला १८९२ उजाडले आणि इंग्रजी अनुवादासाठी २००१ पर्यंत थांबावे लागले. त्यातले सगळेच निष्कर्ष टिकले असेही नाही. त्यांच्या नियमाप्रमाणे पौर्णिमेचा चंद्र मध्ये उजळ आणि कडेला मंद दिसायला हवा होता. तो कडेपर्यंत जवळपास सारखाच उजळ असतो, कारण चंद्राची खडबडीत धूळ आदर्श पृष्ठभागासारखी वागत नाही. पण हा फरक किती, हे सांगायलाही पुढच्या शास्त्रज्ञांना लॅम्बर्ट यांचीच मोजपट्टी लागली. चंद्रावरच्या आणि मंगळावरच्या एकेका विवराला आज त्यांचे नाव आहे.

आमच्या सोसायटीच्या गच्चीवरचा स्वस्त रंग एका पावसाळ्यात काळवंडला. यंदाच्या बैठकीत पुन्हा नमुने येणार आहेत. या वेळी डब्यामागचे आकडे मोठ्याने वाचण्याचे काम माझ्याकडे आले आहे.